बीप वाजत असताना मदरबोर्ड गेला सांगून माझ्याकडून ७,८०० रुपये घेतले

कुणाचाही पीसी चालू करताना नुसता टूं टूं करत असेल आणि स्क्रीन काळी असेल तर दुकानात न्यायच्या आधी हे वाचा. माझे ७,८०० गेलेत, आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं याचा राग पैशापेक्षा जास्त आहे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हिशोबाचा पीसी लूमच्या शेडला लागून, त्यामुळं सुताची धूळ कायम आत जाते. ९ तारखेला सकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, लाईट लागली, पण डिस्प्ले नाही, फक्त एक लांब बीप, थोडं थांबून परत लांब बीप. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचं होतं, बिलं टाकायची राहिली होती, ज्यांनी हे भरलंय त्यांना ती घाई कळेल. मी पीसीचा डबा उचलला आणि नवी पेठेकडच्या एका दुकानात गेलो.

दोन मिनिटांत निकाल. "काका, मदरबोर्ड गेलाय, त्यानं एसएमपीएस अन् रॅम पण घेऊन गेलाय." चेकिंग ३००, सेकंडहँड बोर्ड ४,२००, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) १,१५०, रॅम १,६५०, मजुरी ५००. मी हो म्हणालो.

आता कळतंय की बीप ही बोर्ड जिवंत असल्याचीच खूण आहे. चालू होताना बायोस, म्हणजे बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम, आधी स्वतःची तपासणी करतं, त्याला पोस्ट म्हणतात, आणि प्रोसेसर अन् बोर्ड निदान तेवढे चालत असतील तरच बीप येतो. एसएमपीएस पूर्ण मेला असता तर पंखे फिरले असते का? थांबून थांबून लांब बीप म्हणजे बहुतेक वेळा रॅमचा घोळ, एक लांब दोन छोटे म्हणजे बऱ्याच बोर्डांवर डिस्प्ले कार्डचा. कंपनीप्रमाणे कोड बदलतात, म्हणून बोर्डचं मॅन्युअल बघा.

मी चहा घेऊन परत आलो तेव्हा त्याच्या हातात रॅमची पट्टी होती आणि काउंटरवर पांढऱ्या खोडरबरचा भुगा पडला होता. त्यानं तो हातानं खाली झाडला. मी बघितलं. रॅम नीट लागत नसली की तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासतात हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकलेलं, तरी तोंडातून शब्द निघाला नाही की बाबा, बोर्डच गेलाय म्हणतोस तर रॅम कशाला घासतोस? तिथंच विचारलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पण डोक्यात रिटर्न होतं, घरी लेकीला ताप होता, आणि माणूस इतक्या खात्रीनं बोलत असला की आपण गप्प बसतो. कुणीही बसला असता.

संध्याकाळी पीसी चालू मिळाला, ५,००० फोनपेनं आणि २,८०० रोख दिले. "जुना माल भंगारात टाकलाय" म्हणाला, मी मागितलाही नाही. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका!

१७ दिवसांनी परत तोच बीप. पुतण्यानं बाजूचं झाकण काढलं आणि म्हणाला, "काका, बोर्ड तर आपलाच हाय की." गेल्या दिवाळीत बोर्डवरचा सेल बदलताना त्यानंच त्या गोल सेलशेजारी निळ्या मार्करनं महिना लिहिला होता, तो तसाच. एसएमपीएसच्या जाळीत आमच्याच सुताचा थर. खरा बदलला होता तो फक्त रॅम, ८ जीबी काढून ४ जीबीची टाकलेली. म्हणून मधले १७ दिवस पीसी रडत चालत होता. आणि बोर्ड बदलला की विंडोज बहुतेक वेळा परत ॲक्टिव्हेट करायला सांगतं, मला काहीच विचारलं नाही, तेव्हाही शंका आली नाही. पुतण्यानं वायर काढली, स्लॉट ब्रशनं साफ केला, पट्टी पुसून टक आवाज येईपर्यंत दाबली. दहा मिनिटांत चालू. फुकटात.

दुकानदार म्हणतो, "तुम्हीच बोर्ड परत बदललाय." चौकीत गेलो तर हे तुमचं आपसातलं आहे, एफआयआर होत नाही. फोनपेचं दाखवलं तर म्हणे ऑनलाइन आहे, सायबरला जा. तिथं म्हणाले दुकानात जाऊन दिलेत ना, मग हे सायबर कसं, चौकीत जा. परत चौकीत आलो तर साहेब बंदोबस्ताला, अर्ज ठेवून जा, पोच मागितली तर वर बघून हसले. तीन चकरा, दोन दिवस लूमवर लक्ष नाही, आणि प्रत्येक जण एकच विचारतो, पक्कं बिल आहे का? नाही! कच्ची चिठ्ठी आहे, त्यावर जीएसटी नंबर नाही, "रिपेरिंग ७,८००" एवढंच. फसवणारा पक्कं बिल देईल का, एवढं तर यांना कळायला पाहिजे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही हे पण एकानंही सांगितलं नाही, मी स्वतः शोधलं. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.

डबा द्यायच्या आधी झाकण काढून बोर्ड, रॅम, एसएमपीएस, हार्डडिस्क सगळ्यांच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचे फोटो काढा. माझ्याकडे एकही नव्हता. बीपचा व्हिडिओ पण घ्या. आणि रिपेरिंग समोर बसून करून घ्या, चहाला उठू नका.

चिठ्ठी, फोनपेचा स्क्रीनशॉट आणि निळ्या मार्करचा फोटो जोडून आयोगाचा अर्ज तयार केलाय, सोमवारी देणार. ८ जीबीची रॅम तरी परत दे म्हणून रोज फोन करतोय, तो उचलत नाही.