‘अंधाधुन’: तो डबा आणि माझ्या दुकानातले तज्ज्ञ

आधीच सांगतो, शेवट फोडल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलता येत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये आलेला सिनेमा ज्यांनी अजून पाहिला नाही, त्यांनी इथेच थांबावं, बघून यावं, मग हवं तर भांडायला यावं.

माझं पुण्यात चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढून मिळतो, फ्रेम मिळते, आणि काचा बसेपर्यंत गिऱ्हाईक थांबलं तर गप्पा फुकट. ‘अंधाधुन’वर या काउंटरवर जेवढी चर्चा झाली तेवढी मोतीबिंदूवरही झाली नसेल. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवाला, त्याच्या डोळ्यांदेखत खून, आणि ‘मला दिसतं’ म्हणावं तर जीव जाणार! त्यात सगळं घडतं आमच्या पुण्यात. दिग्दर्शक श्रीराम राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, राधिका आपटेही पुण्यातच वाढलेली. त्यामुळे थिएटरात पडद्यावर एखादा रस्ता दिसला की मागच्या रांगेतून ‘अरे, हे आपलं...’ सुरू व्हायचं, आणि तेवढ्यात पुढचा संवाद हुकायचा.

गोष्ट थोडक्यात. आकाशला (आयुष्मान खुराना) चांगलं दिसत असूनही तो आंधळा असल्याचं नाटक करतो. का, तर म्हणे वाजवण्यात जास्त लक्ष लागतं. जुन्या जमान्यातला हीरो प्रमोद सिन्हा (हे काम अनिल धवननंच केलंय, आणि त्याच्याच जुन्या गाण्यांवर त्याला हळवा होताना दाखवलंय) लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी खासगी मैफल म्हणून आकाशला घरी बोलावतो. दार उघडते सिमी, म्हणजे तब्बू. ती त्याला बाहेरूनच कटवायला बघते, पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं दार उघडतं. आता नाही म्हणायची सोय उरत नाही. आकाश आत येतो, पियानोवर बसतो, आणि समोर प्रमोदचं प्रेत.

तिथून पुढची काही मिनिटं हिंदी सिनेमात क्वचितच जमून येतात अशी आहेत. हा वाजवतोय. मागे सिमी आणि तिचा यार खाणाखुणा करत प्रेत सुटकेसमध्ये कोंबतायत. याचे हात थांबले तर संपलं, नजर वळली तरी संपलं. बाथरूमला जातो तर तिथे यार पिस्तूल घेऊन उभा, आणि तरी यानं काही दिसलंच नाही असं सगळं उरकायचं. थिएटरात लोक हसत होते आणि खुर्चीचा हातही घट्ट धरून बसले होते. एकाच वेळी दोन्ही करायला लावणं सोपं नाही.

माझं लक्ष धंद्यामुळे आयुष्मानच्या डोळ्यांकडे. न दिसणाऱ्याचं काम करायचं म्हटलं की आपल्याकडचे नट बुबुळं वर चढवतात नाहीतर शून्यात बघत बसतात. हा तसं करत नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापासून त्याची नजर वीतभर बाजूला ठरते, मान किंचित कलते, कान आधी वळतो. आणि मग प्रेत दिसतं त्या क्षणी नजर जागची हलत नाही, पण बोटं एका सुरावर रेंगाळतात. अभिनय बोटांत आहे. त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार विकी कौशलबरोबर वाटून मिळाला. माझ्या मते याच सीनवर मिळाला असणार. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि आधारित पटकथा हे पुरस्कारही याच सिनेमाला आले.

‘आधारित’ का, तर मूळ बीज ‘लाकोर्दर’ या २०१०च्या फ्रेंच लघुपटाचं. ओलिव्हिए त्रेनरचा. तोही पियानोवालाच, तेही सोंगच, आणि समोर प्रेत. पण ती फिल्म पंधरा मिनिटांच्या आत, तो वाजवत असतानाच संपते. पुढे काय, हे आपलं आपण ठरवायचं. राघवन आणि मंडळींनी तिथून पुढे जवळजवळ दोन तासांचा सिनेमा उभा केलाय.

आता भांडणाकडे येऊ. मध्येच सिमी आकाशला विष घालून खरोखरच आंधळा करते. शेवटी दोन वर्षं उलटलेली आहेत, युरोपातलं एक शहर आहे. आकाश तिथे वाजवतो, सोफी (राधिका) त्याला अचानक भेटते, आणि तो तिला सगळी हकिगत सांगतो. किडन्यांचा धंदा करणारा डॉक्टर स्वामी सिमीला डिकीत घालून निघाला होता, तिचे अवयव विकून तिच्या बुबुळावरचं पटल आपल्याला बसवणार होता, आपण नको म्हणालो. सिमीनं डॉक्टरला मारलं, आपल्याला गाडीतून उतरवलं, मग वळून अंगावर गाडी घातली. एवढ्यात शेतकऱ्याच्या गोळीला चकवून एका डोळ्यानं अधू ससा उडाला तो थेट काचेवर आदळला, गाडी उलटली, सिमी गेली. सोफी ऐकते आणि म्हणते, तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. आकाश निघतो. काठी टेकत चालतो. वाटेत एक रिकामा डबा पडलाय, त्याला काठीचा असा नेमका फटका मारतो की डबा लांब उडून जातो. काठीच्या मुठीवर सशाचं तोंड. संपलं.

यावर दुकानात मुख्य पक्ष दोन. पहिला पक्ष तरुणांचा, इंजिनिअरिंगवाल्यांचा: ‘काका, सिंपल आहे, त्यानं सिमीचे डोळे लावून घेतले.’ पुरावा म्हणून मग सिमीचा दुर्मिळ रक्तगट येतो, सिनेमाच्या सुरुवातीलाच असलेला लिव्हरचा विनोद येतो. एका पोरानं तर मोबाइलवर चित्र थांबवून डॉक्टरची गाडी थांबते त्या माळावरचं झाड लिव्हरसारखं दिसतं हे मला पटवायचा प्रयत्न केला. मला ते झाडासारखं दिसलं. दुसरा पक्ष निवृत्त बँकवाल्यांचा: ‘एवढं बघायला लावून उत्तर दिलं नाही, ही फसवणूक आहे. हिशोब जुळायला नको का?’ तिसरा पक्ष आमच्या सौभाग्यवती. हिचं म्हणणं, तो कधी आंधळा झालाच नव्हता, सगळा बनाव. या मताला मी घरात विरोध करत नाही, इथे करतो: मधल्या भागात तो एकटा असतानाही चाचपडतो. बघायला कुणी नसताना सोंग कोण वठवेल?

पहिल्या पक्षाला माझा आक्षेप धंद्यातला आहे. सिमी आकाशला खाण्यातून काहीतरी देते आणि तो शुद्धीवर येतो तो आंधळा होऊनच. आता पोटातून गेलेल्या विषानं माणूस असा एका रात्रीत आंधळा होतो तेव्हा मार बहुधा डोळ्याच्या मागच्या नसेला बसतो. विषारी दारूच्या बातम्यांत वाचता ना, मिथेनॉल, तसं. नेत्रदानातून जे बसवतात ते बुबुळावरचं पारदर्शक पटल. अख्खा डोळा कुणी बदलत नाही. नस गेलेल्या माणसाला नवं पटल बसवणं म्हणजे वायर जळाली म्हणून बल्बची काच पुसणं. शिवाय त्या पटलासाठी साधारणपणे रक्तगट जुळवावा लागत नाही, त्यामुळे रक्तगटाचा पुरावा डोळ्यांच्या बाबतीत बाद. तो लिव्हरच्या सौद्यासाठी आहे.

म्हणजे सिनेमा चुकला? मला तसं वाटत नाही. हे सगळं आपल्याला सांगतो कोण? डॉक्टर स्वामी, जो किडन्या चोरून विकतो. झाकीर हुसेननं तो इतका गोड बोलणारा केलाय की आपण त्याच्याकडून डोळ्यांचं निदान मुकाट्यानं घेतो. अवयवविक्रीवर १९९४च्या कायद्यानं बंदी आहे, ती तो वाऱ्यावर सोडतो, आणि त्याच्या वैद्यकीय शब्दावर मात्र आख्खा महाराष्ट्र पैजा लावतो!

सोंग पकडायच्या बाबतीतही गंमत आहे. खरंच दिसत नाही की माणूस बनाव करतोय, हे तपासायची एक जुनी युक्ती म्हणजे उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पिंप डोळ्यांसमोर फिरवायचं. दिसत असेल तर बुबुळं आपसूक पट्ट्यांमागे पळतात आणि झटक्यानं परत येतात, ते सहसा कुणाला रोखून धरता येत नाही. सिमीकडे पिंप नाही. ती भुताचा मुखवटा घालते आणि कॉफीत काहीतरी मिसळते. पण डोकं तेच चालवते: आधी दचकतो का बघू, मग समोरचा कप तोंडाला लावतो का बघू. तब्बू हे इतक्या शांतपणे करते, जणू भाजीला मीठ पुरेसं आहे का बघतेय. या सिनेमातली खरी तपासनीस तीच. पोलीस कसले, ज्या इन्स्पेक्टरकडे आकाश खुनाची तक्रार द्यायला जातो तोच सिमीचा यार आणि खुनी निघतो, आणि मग याला खून मांजराचा झाला म्हणायची पाळी येते. त्या प्रसंगाला आमच्या आईसुद्धा हसल्या, ज्यांना एरवी या सिनेमातलं एकही माणूस ‘धड’ वाटलं नाही.

बाकी त्रुटी आहेत. मध्यंतरानंतर किडनी टोळी आली की घट्ट वीण सैल पडते. लॉटरीवाली मावशी झालेली छाया कदम आणि तो रिक्षावाला मुरली ही माणसं जिवंत आहेत, मावशीचा तर तोरा बघत राहावा. पण फसवाफसवी एवढी वाढते की कोण कुणाला कुठे बांधून आलंय याचा पत्ता लागत नाही. इन्स्पेक्टरचं लिफ्टमधलं मरण लेखकांनी उरकलंय. त्याची बायको अश्विनी काळसेकर, दोन-तीन प्रसंगांत नवऱ्याची हवा काढून घेते, तिला आणखी वेळ द्यायला हवा होता. आणि सोफीवर सिनेमाभर अन्याय झालाय. स्कूटरनं धडक देते, प्रेमात पडते, गैरसमज करून घेते, निघून जाते. राधिका आपटेला एवढंच?

असं मी म्हणत असे. मग पुन्हा पाहिला तेव्हा सोफीचं ते शेवटचं वाक्य कानात बसलं आणि माझं मत फिरलं.

आपण दिसतं की दिसत नाही यावर अडकलोय. जरा बघा, गाडी त्या माळरानावर थांबते तिथपर्यंत आपण स्वतः पाहिलंय. पुढचं, म्हणजे डॉक्टरचं मरण, आकाशचं उतरणं, ससा, स्फोट, हे सगळं आकाशच्याच तोंडून आहे. सशाची मूठ असलेली काठी हातात घेऊन बसलेला माणूस सशाची गोष्ट सांगतोय. हातातल्या वस्तूवरून थाप रचणं किती सोपं, हे शाळेत गृहपाठ न केलेल्या कुठल्याही पोराला विचारा. बरं, कुणी म्हणेल ससा आणि शेतकरी तर सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात आहेत. आहेत ना. मग पहिलं दृश्यही त्याच्याच गोष्टीचा भाग नसेल कशावरून? राघवन ते सांगत नाहीत, आणि बँकवाल्या काकांचा हिशोब इथेच अडतो.

पण सोफी काय म्हणते? डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. म्हणजे सिनेमातली एकुलती एक सरळ मुलगी त्याला आयतं सांगतेय, की तू तिचे डोळे घेतले असतेस तरी मी तुला दोष दिला नसता. माफी आधीच देऊन टाकलीय. त्याच क्षणी चष्मा काढून ‘सोफी, मला दिसतं’ म्हणायचं, बास. गमावण्यासारखं काही नाही, पोलीस नाहीत, सिमी नाही. आणि हा पठ्ठ्या गप्प बसतो, काठी उचलतो, चालायला लागतो.

सुरुवातीला सोंग कलेसाठी होतं, मग जीव वाचवायला होतं. आता कशासाठी? तर काहीच नाही, सवय लागली. किंवा खरं सांगितलं तर डिकीतल्या बाईचं नक्की काय झालं तेही सांगावं लागेल, आणि तिथे माफीची मुदत संपते. मला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण डब्याला बसलेला फटका चिडक्या माणसाचा नाही. तो मजेत मारलाय. कुणी बघत नाही अशी खात्री असलेल्या माणसाचा आहे.

हे मी काउंटरवर मांडलं तेव्हा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, ‘म्हणजे काका, डोळे लावलेच ना!’ मी म्हटलं, लावले असतील, नसतील, तुझ्या काचा तयार आहेत, दोन हजार आठशे झाले.

चीनमध्ये हा सिनेमा ‘पियानो प्लेयर’ नावानं २०१९मध्ये लागला आणि तिथे इथल्यापेक्षाही जास्त चालला. तेलुगू, मल्याळम, तमिळमध्येही पुन्हा करून झाला. मी त्यांतला एकही पाहिलेला नाही, पाहायची घाईही नाही. ज्यांना उत्तर हातात घेऊनच घरी जायचं असतं त्यांनी हा बघू नये, उगाच रक्तदाब वाढेल. बाकीच्यांनी बघावा, शक्यतो दोघातिघांनी मिळून, आणि बघताना मोबाइल लांब ठेवावा. सीन थांबवून झाड तपासत बसलात तर सोफीचं वाक्य हुकेल.