मिसिंग मारणाऱ्या जुन्या गाडीला ब्लूटूथ डोंगल की वायरचा स्कॅनर?

चेक इंजिनचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, गाडी मध्येच झटके खाते (यालाच मिसिंग म्हणतात, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आणि गॅरेजवाले प्रत्येक फेरीला फक्त स्कॅनर लावण्याचे पैसे घेतात. याला कंटाळून मी आधी गाडीच्या सॉकेटमध्ये लावून फोनवर दोष दाखवणारा पाचशेचा ब्लूटूथ डोंगल घेतला आणि नंतर त्याच्या चौपट किमतीचा वायरवाला हँडहेल्ड, म्हणजे स्वतःचा पडदा असलेला हातातला स्कॅनर. गाडी २०११ची पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी वेगळी कॉइल.

कोड वाचण्यापुरतं दोघांत डावं-उजवं नाही. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, हे दोघंही सारखंच सांगतात, कारण कोड गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. आपल्याकडे ओबीडी-२ची, म्हणजे गाडीने आपले दोष ठरलेल्या कोडमध्ये सांगण्याच्या पद्धतीची, सक्ती २०१३पासूनची. त्याआधीच्या गाडीत १६ पिनांचं सॉकेट असलं तरी सगळे आकडे मिळतीलच असं नाही, तेव्हा विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून लावून बघा.

आलेख हवे असतील तर डोंगलच उजवा. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे (तो धुरातला ऑक्सिजन मोजतो) व्होल्ट ०.१ ते ०.९ मध्ये नाचतात की एका जागी बसलेत, हे फोनवर एका नजरेत कळतं. हँडहेल्डच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर नुसते आकडे पळतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मी चालवतोय आणि शेजारी बायको वाचतेय, "पॉइंट दोन... पॉइंट सात... परत दोन... अजून किती वेळ वाचायचं हे?"

पण माझी गाडी मिसिंग मारायची ती फक्त गायमुखच्या चढावर, इंजिन पूर्ण तापल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये. माजिवड्यापासून तिथपर्यंत डोंगल शहाण्यासारखा चालायचा. चढावर गाडीने पहिला झटका दिला रे दिला की ॲपवर ते गोल फिरणारं चक्र सुरू. एकदा तर ऐन वेळी सासूबाईंचा फोन आला आणि ॲप मागे गेलं ते गेलंच. चढ संपवून, गाडी बाजूला घेऊन पुन्हा जोडेपर्यंत इंजिन साळसूद. असे तीन शनिवार गेले. माझा डोंगल अगदीच स्वस्तातला होता, महागातला कदाचित टिकलाही असता. पण ज्या क्षणासाठी घेतला, नेमक्या त्याच क्षणी तो गप्प बसायचा.

वायरवाल्याची वायर क्लचपाशी लोंबते, ती आधी सीटखालून घ्यावी लागते. बाकी त्याने पहिल्याच चढाला पी ०३०३ पकडला. घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली, कोड पुसला. पुढच्या शनिवारी त्याच चढावर पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे प्लग आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) निर्दोष सुटले.

याआधी एका गॅरेजने पी ०१७१ (हवा जास्त, पेट्रोल कमी) बघून ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं होतं. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. मिसिंग झालं की त्या सिलिंडरमधली न वापरलेली हवा तशीच सायलेन्सरकडे जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो आणखी ओततो. म्हणून दोन्ही कोड एकत्र आले तर आधी मिसिंगच्या मागे लागा. कॉइल बदलल्यावर माझा लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा) +२२ वरून आठवडाभरात +४ वर आला, सेन्सर जुनाच आहे. तसंच पी ०१३५ दिसला तरी लगेच सेन्सर मागवू नका. तो कोड सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा असतो, त्यात फ्यूज, कपलर आणि वायरही आली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर पावसाळ्यात बॉनेटखालीच मुक्कामाला असतात.

तुमची गाडी उभ्या जागी, आयडलिंगलाच मिसिंग मारत असेल तर डोंगल पुरेल, उगाच जास्त खर्च करू नका. (आयफोन असेल तर साध्या ब्लूटूथचा घेऊ नका, जोडलाच जाणार नाही. आणि रात्रभर सॉकेटमध्ये ठेवू नका, तिथे बॅटरीचा करंट कायम चालू असतो.) दोष चालत्या गाडीत, कधीतरीच येत असेल तर मी तरी वायरच्याच बाजूने आहे.

हँडहेल्ड माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. डोंगल खालच्या मजल्यावरचे काका गणपतीच्या आधी घेऊन गेले, मी अजून मागितलेला नाही.