टॉवेलच्या कारखान्यात सिमेंटिक वेब: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑर्डर नोंदवण्यापासून माल रवाना होईपर्यंतचा सगळा हिशोब माझ्याकडे असतो. सिमेंटिक वेब म्हणजे माहितीचा अर्थ संगणकालाही कळेल अशा रीतीने ती मांडण्याची पद्धत. गेले नऊ महिने मी आमच्या मालाची माहिती त्या पद्धतीच्या आरडीएफ या स्वरूपात, अपाची जेना फुसेकी या मोफत सर्व्हरवर ठेवतो आहे.

हा खटाटोप करण्याचे कारण एकच होते, ते म्हणजे एकाच मालाची अनेक नावे. घाऊक व्यापारी 'डझनाला सहा किलोचा' टॉवेल मागतो, निर्यातदार 'तीस बाय साठ, साडेचारशे जीएसएम' (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) असे लिहून पाठवतो आणि आमच्या मागावर तोच माल डिझाइन क्रमांकाने ओळखला जातो. तीस बाय साठ इंचांच्या, म्हणजे सुमारे ७५ × १५० सेंटिमीटरच्या टॉवेलचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर भरते. ४५० जीएसएमने त्याचे वजन सुमारे ५०६ ग्रॅम, म्हणजे डझनाचे सहा किलोंहून किंचित जास्त होते. तिघेही एकच वस्तू मागत असतात, पण आमच्या एक्सेलमध्ये ती तीन वेगळ्या ओळींत होती आणि त्यामुळे गोदामात गाठोडी पडून असताना 'माल नाही' असे उत्तर गिऱ्हाइकाला गेल्याचे मी पाहिले आहे.

आरडीएफमध्ये प्रत्येक वस्तूला स्वतःचा कायमचा पत्ता मिळतो आणि तिच्याविषयीचे प्रत्येक विधान 'वस्तू, गुणधर्म, मूल्य' अशा तीन भागांत लिहिले जाते. नावे कितीही असोत, ती सगळी त्या एका पत्त्याला जोडता येतात. जीएसएम आणि माप यांवरून डझनाचे वजन काढणारी क्वेरी मी स्पार्कल या आरडीएफला प्रश्न विचारण्याच्या भाषेत एकदा लिहून ठेवली. आता कोणी कोणत्याही नावाने मागणी केली तरी उत्तर एकच येते. माझ्या दृष्टीने एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे कष्ट सार्थकी लागले.

सर्वांत जास्त वेळ रंगांनी घेतला. रंगांच्या नावांसाठी मी स्कॉस ही २००९ साली प्रमाणित झालेली पद्धत वापरली, ज्यात एक मुख्य नाव आणि त्याची पर्यायी नावे नोंदवता येतात. 'राणी' आणि 'मॅजेंटा' मी एकाच नोंदीत टाकून मोकळा झालो होतो. रंगखात्यातल्या मामांना यादी वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, राणीत पण दोन राण्या हायेत. एक जांभळ्याकडं झुकती, एक लालाकडं." त्यांनी दोन्ही शेडचे तुकडे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि मला माझी नोंद मोडावी लागली. मोरपंखी, बदामी, पोपटी अशा प्रत्येक रंगासाठी मग आम्ही तुकडे समोर ठेवूनच नोंदी केल्या. हे काम संगणकावर बसून होणारे नाही, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

माझ्याकडून एक मोठी चूकही झाली. जुन्या आणि सुधारित डिझाइनचा टॉवेल दिसायला सारखाच, म्हणून मी त्यांच्यात आउलमधला (वस्तूंमधले संबंध तर्काच्या नियमांनी मांडण्याची भाषा) 'सेम-अॅज' हा संबंध जोडला. त्याचा तर्कशास्त्रीय अर्थ 'ही एकच वस्तू आहे' असा होतो. रीझनर, म्हणजे नोंदींवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, चालवताच दोन्हींचे भाव आणि वजने एकमेकांत मिसळली व एकाच टॉवेलला दोन दर दिसू लागले. आता तिथे मी स्कॉसमधला 'जवळचा' हा सौम्य संबंध वापरतो. आउलविषयी आणखी एक गोष्ट उशिरा उमगली. जीएसएम लिहायचे राहून गेले तर ते तक्रार करत नाही, कारण न लिहिलेली गोष्ट त्याच्या लेखी खोटी नसते, केवळ अज्ञात असते. नोंदीतल्या उणिवा पकडण्यासाठी २०१७ साली प्रमाणित झालेले शॅकल लागते. ते मी चौथ्या महिन्यात बसवले, खरे तर पहिल्याच आठवड्यात बसवायला हवे होते.

आमच्या संकेतस्थळावर हीच माहिती स्कीमा डॉट ऑर्ग या शोधयंत्रांना कळणाऱ्या शब्दसंग्रहाच्या शब्दांत, जेसन-एलडी या वेबपानात बसवता येणाऱ्या आरडीएफच्या रूपाने दिली आहे. जीएसएमसाठी तिथे स्वतंत्र शब्द नसला तरी 'जादा गुणधर्म' म्हणून ते नोंदवता येते. शोधयंत्रे ही माहिती वाचतात, मात्र ती निकालात दाखवतीलच अशी हमी नसते. केवळ तेवढ्यासाठी कोणी यात पडू नये.

आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास वाण आहेत आणि तेवढ्याला साधा संगणक पुरला. पैसा फारसा लागला नाही, पण शिकण्यात जवळपास तीन महिने गेले. ज्यांचे वाण पंधरा-वीसच आहेत आणि गिऱ्हाईक ठरलेले आहे, त्यांना मी एक्सेलच सुचवेन. निर्यात करणाऱ्यांनी मात्र आतापासून तयारी करावी, कारण युरोपीय संघाचा १८ जुलै २०२४ पासून लागू झालेला नियम डिजिटल उत्पादन पासपोर्टची, म्हणजे प्रत्येक मालासोबत द्यायच्या संगणकीय माहितीपत्राची, तरतूद करतो आणि कापड हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. त्यासाठी सुताचा आणि रंगाचा लॉट क्रमांक प्रत्येक गाठोड्याला जोडण्याचे काम मी या महिन्यात हाती घेतले आहे. मामांची रंगखात्यातली वही त्यासाठी रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर येते.