ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी: सुटी, पॅकेजमध्ये की करायचीच नाही?

सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तरी ‘डी कमी आहे’ हे घरोघरी ऐकू येतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर दुपारी बाहेर पडतो कोण? विडी वळणाऱ्या बाया घरात, यंत्रमागावरचे कामगार शेडमध्ये. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक खूप, पण कातडीत डी तयार व्हायला लागणारे यूव्ही-बी किरण त्यात अगदीच कमी.

तपासणी करायचीच असेल तर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ मागा; शरीरातला डीचा साठा तीच दाखवते. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी तपासणी. ती किडनीच्या किंवा कॅल्शियमच्या काही ठरावीक आजारांत लागते. शरीरात डी कमी असतानाही तिचा आकडा नॉर्मल, कधी चढाही येतो. म्हणजे पैसे जास्त आणि वर दिशाभूल.

पद्धतीचं म्हणाल तर बहुतेक लॅबमध्ये सीएलआयएसारखी इम्युनोअसे मशीन (अँटिबॉडी वापरून मोजणारी) असतात. एलसी-एमएस/एमएस ही रेणूंच्या वजनावरून मोजणारी पद्धत अधिक नेमकी. डी२ आणि डी३ हे डीचे दोन प्रकार वेगळे दाखवते. पण साध्या निदानाला सीएलआयए पुरते, एलसी-एमएससाठी जादा पैसे मी तरी मोजणार नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा; काही मशीनवर त्याने आकडा खोटा फुगतो.

फुल बॉडी पॅकेज स्वस्त भासतं. शुगर, लिपिड, थायरॉइड यांचीही गरज असेल तर घ्या. नुसत्या डीसाठी नको: दहा जास्तीच्या आकड्यांपैकी एखादा ठळक अक्षरात आला की नवी धावपळ सुरू. शिवाय सुट्या डीला उपाशीपोटी जावं लागत नाही.

आणि करायचीच नाही, हाही पर्याय खरा आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये धडधाकट प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असंच म्हटलं. हाडं दुखणं, ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), किडनी-लिव्हरचे आजार, फिट्सची औषधं असतील तर गोष्ट वेगळी. मात्र तपासणी नाही, डॉक्टर नाही आणि डीची ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला महिनोन् महिने, हे सगळ्यात वाईट. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. एका कागदावर २० आणि दुसऱ्यावर ५० दिसलं तरी आकडा एकच असू शकतो: पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर, दुसरा नॅनोमोल प्रति लिटर. उपचारानंतर डॉक्टरांनी परत तपासायला सांगितलं, तर साधारण तीन महिन्यांनी आणि त्याच लॅबमध्ये करा.