मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील जवारीचे काम

माझ्या 'काळी एक' पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सांगलीतल्या एका दुरुस्तीवाल्याने नको तितकी घासली आणि तंबोरा मुका झाला. जवारी करून घ्यायला, म्हणजे घोडीचा माथा घासून नाद जुळवून घ्यायला, तो घेऊन मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका जुन्या कारखान्यात गेलो. सोबत महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे माझे मेहुणे होते, म्हणून हे काम मला एरवीपेक्षा अधिक नीट पाहता आले.

कारागीर चाचा कानशीचे दोन हलके हात फिरवत, तार चढवत, डोळे मिटून ऐकत आणि पुन्हा तार उतरवत. चार तारांना अर्धा दिवस लागला. मेहुण्यांनी मोबाइलवर ध्वनीचा आलेख लावला होता. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) उमटू नयेत, कारण त्यांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू नेमका तिथेच येतो. मात्र तंबोरा हा नियम मोडतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच दाखवले होते. जोडीच्या (मधल्या षड्जाच्या) तारेखालचे सूत, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधला दोरा, काढले असता २७७ हर्ट्झचा, म्हणजे दुसऱ्या उपस्वराचा, शेंडा जेमतेम दिसत होता, आणि चाचांनी सूत केसभर सरकवून जागेवर आणताच तो उसळून वर आला. तार घोडीच्या एका कडेवर टेकलेली नसते, ती तिच्या उतरत्या माथ्याला घासत कंप पावते, त्यामुळे वरचे उपस्वर सतत जागे राहतात. "सर, तुमच्या आलेखाच्या आधी मला ते कानात कळलं," असे चाचा म्हणाले, आणि पुढच्या तारेला त्यांनीच आलेख दाखवायला सांगितले.

कान आणि मोजमाप यांची ही सांगड या भागाला नवी नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीने श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, मापे घेतली, आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमेंट्स त्या कामात सामील झाले.

आता खर्ज (सर्वांत खालच्या षड्जाची तार) इतका भरून येतो की त्यात गंधार स्वच्छ ऐकू येतो. सातशे रुपये मला अजिबात जास्त वाटले नाहीत. सांगितलेल्या दिवसापेक्षा तंबोरा चार दिवस उशिरा मिळाला, तेव्हा मैफल ठरली असेल तर पंधरा दिवस आधी न्यावा, आणि शक्यतो जवारी होईपर्यंत तिथेच बसावे.