पाणी तपासणी किट वर्षभर वापरलं, सगळं अडलं नायट्रेटच्या पावडरीवर

किट घेऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले कारण त्यातली नायट्रेटची पावडर संपली आहे आणि कंपनीवाले ती सुटी द्यायला तयार नाहीत. "मॅडम, रिफिल येत नाही, पूर्ण संच घ्या." फोन कोणीही उचलो, उत्तर हेच. कठीणपणा, क्लोराइड, लोह, फ्लोराइड यांच्या बाटल्या अजून अर्ध्याच्या वर भरलेल्या आहेत. एका पावडरीसाठी त्या बाजूला टाकून परत साडेतीन हजार का घालायचे?

आमची वस्ती निफाड तालुक्यात, चारी बाजूंनी द्राक्षबागा. विहीर बांधाला लागून, गोठा तिथून हाकेच्या अंतरावर. लेकीला दिवस गेल्याचं कळलं, बाळंतपण इकडेच करायचं ठरलं, तेव्हा हे किट मागवलं. बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली तर ते कुठल्या पाण्यात करायचं हा प्रश्न होता. नायट्रेट म्हणजे खतातून, शेणमुतातून पाण्यात उतरणारा क्षार, आणि तो जास्त असलेलं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाधतं. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडतात. मोठ्या माणसाला त्याच पाण्याने तसं काही जाणवत नाही, म्हणून "आम्ही जन्मभर हेच पितोय" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही.

किटमध्ये काय काय असतं ते बहुतेकांना माहीत आहे. पीएच, लोह, क्लोराइड, फ्लोराइड या चाचण्या ठीक आहेत. फ्लोराइडचा त्रास यवतमाळ-चंद्रपूरकडे, आमच्याकडे तो आकडा कधी १ च्या वर गेला नाही. कठीणपणाची चाचणी सोपी आहे, थेंब मोजत जायचं, लालसर रंगाचा निळा झाला की थांबायचं. आमचं पाणी जड आहे हे डाळ शिजताना रोज कळतंच. ओटी टेस्टची बाटलीही आहे, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर क्लोरीन उरलंय का ते बघायला. गावातल्या जलसुरक्षकाकडेही तीच असते.

सोबत टीडीएसचा पेन फुकट येतो, आणि माझ्या मते तोच लोकांना फसवतो. शेजारच्या वस्तीवर सगळे त्याच पेनवर विसंबून आहेत. आमच्या विहिरीचा टीडीएस उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर जवळपास सारखाच होता, सहाशेच्या आसपास. तेवढ्या काळात नायट्रेट मात्र दुपटीच्या पुढे गेलं. पेन फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात नायट्रेट किती हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याच्या हिशेबातच नाहीत.

आता नायट्रेट. पाण्यात पावडर टाकायची, हलवायचं, थांबायचं, गुलाबी रंग येतो तो कार्डाशी जुळवायचा. कार्डावर चौकोन आहेत ०, १०, ४५ आणि १०० चे. आपल्या देशाच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. टीडीएसला ५०० वरून २००० पर्यंत सूट आहे, कठीणपणाला २०० वरून ६०० पर्यंत आहे, नायट्रेटला नाही. ज्या आकड्यावर सगळा निर्णय ठरतो, नेमकं त्याच्या पुढे कार्डाने थेट १०० वर उडी मारली आहे. मधला गुलाबी रंग ५० चा की ९० चा, हे ट्यूबलाइटखाली तर अजिबात कळत नाही. मी ओट्यावरचं काम सोडून ओटीवर, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर नळी धरून बघते. आणि सांगितलेल्या मिनिटालाच बघते, कारण नंतर रंग गडद होत जातो.

याच्या जोडीला ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्यांनी आणखी गोंधळ घातला. त्यांच्यावर आकडे 'नायट्रेट-नायट्रोजन'मध्ये होते. तिथला १० म्हणजे आपल्या मोजणीतला साधारण ४४. डबीवर हे मुंगीएवढ्या अक्षरात होतं. पट्टीवर १० बघून कोणी निर्धास्त होऊन बाळाला तेच पाणी पाजलं तर? हे ठळक छापायला काय जातं?

पावसाळ्यापर्यंत माझं मत असं होतं की हे किट म्हणजे रंगांचा खेळ, खरं काय ते प्रयोगशाळेनेच सांगावं. ते मत बदललं दिवाळीनंतर. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर सगळ्या बागांना ठिबकमधून खतं सुटतात, त्यात कॅल्शियम नायट्रेटही असतं. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर मुरमातून खाली उतरतं. त्या दिवसांत नळीतला गुलाबी ४५ च्या चौकोनापेक्षा स्पष्ट गडद आला. मग दोन भाग विहिरीचं पाणी आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर असं करून पाहिलं. रंग बरोबर ४५ च्या चौकोनाशी जुळला, म्हणजे मूळ पाण्यात ६७ च्या आसपास. ह्यांनी त्याच पाण्याची बाटली नाशिकला भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला ७१. एवढ्याशा पावडरीने इतकं जवळचं उत्तर दिलं याचा मला खरोखर आनंद झाला. कार्डावर ७५ चा एक चौकोन असता तर एवढं मिसळत बसायची गरजच नव्हती.

हा प्रकार फक्त आमच्या विहिरीचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर होतं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. टीसीएलने जात नाही, यूव्हीने जात नाही. आरओने कमी होतं, पण इतर क्षारांइतकं हमखास नाही, म्हणून आरओचं पाणीही पावडर टाकूनच बघावं लागतं.

सगळ्यात उपयोगी निघाली ती किटमधली जंतूंची बाटली, पाण्यात घाणीतले जंतू असले की काळी होणारी, जिच्यावर माझा सुरुवातीला विश्वास नव्हता. पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीचं पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळीभोर. त्याच आठवड्यात कठड्याची फट बुजवली, गोठ्याच्या सांडपाण्याची चर दुसरीकडे वळवली, टीसीएल टाकलं. नंतरची बाटली दोन दिवस ठेवूनही काळी झाली नाही. सुटी बाटली ३०-४० रुपयांना मिळते. एक सांगते, थंडीत ती फसवू शकते. निफाडचा पारा कुठे उतरतो ते सगळ्या राज्याला ठाऊक आहे, आणि जंतू वाढायला ऊब लागते. मी ती टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर फडक्यात गुंडाळून ठेवते. पाण्याला आधीच कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर मात्र जंतू नसतानाही ती काळी पडू शकते.

फवारणीच्या औषधांचा अंश या किटमध्ये कळत नाही. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्यांनी किट आहे म्हणून त्या बाबतीत निश्चिंत राहू नये, त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतली वेगळी तपासणी लागते.

घ्यावं का? आधी दुकानदाराला विचारा, नायट्रेटची पावडर सुटी मिळते का. मिळत असेल तर घ्या, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासा, आणि रंग ४५ च्या वर दिसला की नमुना प्रयोगशाळेत द्या. मिळत नसेल तर नुसत्या काळ्या होणाऱ्या बाटल्या आणा आणि बाकी पैसे प्रयोगशाळेला द्या. मी कंपनीला लेखी मेल केला आहे: पावडर सुटी विका, कार्डावर ७५ चा चौकोन छापा. बाळ आता पाच महिन्यांचं आहे, वरच्या दुधावर आहे, त्यामुळे मला ती पावडर आत्ता हवी आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.