युनिव्हर्सिटीची डिझाईन लॅब: मशीन झकास, लॉगिनची कटकट (5 पैकी 3)
पीसी नवे, स्क्रीन मोठ्या, एसी गारेगार, त्याबद्दल तक्रारच नाही. पण फोटोशॉप उघडलं की आधी साइन-इन! पूर्वी लायसन्स मशीनलाच असायचं, बसा नि सुरू करा. 2019 मध्ये फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीने शेअर्ड डिव्हाइस लायसन्स आणलं, पीसी सगळ्यांचा असला तरी प्रत्येकाने आपापल्या आयडीने आत यायचं. बरं, फुकटच्या आयडीनेही चालेल अशी सेटिंग त्यात असते, पण आमच्या लॅबवाल्यांनी फक्त युनिव्हर्सिटीचाच आयडी ठेवलाय आणि तो नव्या अ‍ॅडमिशनवाल्यांना मिळेपर्यंत पहिली असाइनमेंट उरकलेली असते, मग काय, सीनियरच्या पाया पडा. त्यात लोक साइन-आउट न करताच चहाला पळतात. इंकस्केप, गिंप हे ड्रॉइंग नि फोटो एडिटिंगचे प्रोग्रॅम मात्र टाकलेत, विनालॉगिन चालतात, पोस्टरपुरतं भागतं.